म्हणा, शोभा

"थांबा. घाई कसाले?"

हे तिचं ठरलेलं वाक्य. डावा तळवा समोर धरायचा, वाहतूक पोलीस धरतो तसा, आणि समोरच्याला आहे तिथे उभं करायचं. समोर डॉक्टर असो, घरचा मालक असो, की माझ्यासारखा रक्त घ्यायला आलेला माणूस. ती ज्यांना सांभाळायची त्या शेठची झोप झाल्याशिवाय तिने मला एकदाही सुई काढू दिली नाही.

मी जळगावात एका लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेतो. या कामात शहर आतल्या खोलीपासून दिसतं. तुमच्याही कॉलनीत असं एखादं घर असेलच. बंगला ऐसपैस, दारात मोटार, आणि मागच्या खोलीत एक म्हातारं माणूस. त्याच्या उशाशी नर्सिंग ब्युरोने पाठवलेली एक बाई. मोबाइलमधून डोकं न काढणाऱ्या बाया मी पाहिल्या, पेशंट गेल्यावर घरच्यांपेक्षा जास्त रडणाऱ्याही पाहिल्या. पण पोटात सूड धरून सेवा करणारी मला ही एकटीच भेटली.

घरातले तिला 'ए बाई' म्हणत. मी अक्का म्हणायचो. ती भडगावकडची, लग्न होऊन पिंप्राळ्याला आलेली, नवरा केव्हाच वारलेला. अंगाने वाळकी, पण शेठसारख्या भरभक्कम माणसाला एकटी कुशीवर वळवायची. शेठना पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असल्यामुळे दर पंधरवड्याला माझी फेरी असायची. इतके महिने अंथरुणाला खिळलेला माणूस, पण पाठीवर एक जखम नाही. अंगाला पावडरचा वास, नखं कापलेली, दाढी केलेली.

एकदा जिना उतरताना मी म्हणालो, "अक्का, फार मनापासून करता हो तुम्ही."

"मनापासूनच करते, भाऊ. सूड घ्यायचा तर माणूस जित्ता पाहिजे ना."

मी हसलो. ती हसली नाही.

त्या दिवशी तिने जिन्यात उभ्या उभ्या मला सांगितलं. बसायला तिला त्या घरात जागा नव्हतीच. शेठच्या खोलीत खुर्ची होती, पण ती पाहुण्यांसाठी.

शेठचा पूर्वी एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांचा कारखाना होता. अक्का तिथे मशीनवर होती. तिच्या शेजारच्या मशीनवर शोभा नावाची बाई होती. दोघी एकाच रिक्षाने जायच्या, एका डब्यात जेवायच्या. जळगावचा उन्हाळा, वर पत्रा, शेजारी तापलेलं प्लास्टिक. आणि बायकांच्या संडासाला कुलूप. किल्ली शेठच्या खुर्चीमागे खिळ्याला. जायचं असेल तर ऑफिसात जाऊन, बसलेल्या पुरुषांसमोर मागायची. शेठ घड्याळाकडे बघून किल्ली द्यायचे, कधी 'आत्ताच तर गेली होती' म्हणून द्यायचे नाहीत.

"मी एकदा भांडले," अक्का म्हणाली. "म्हटलं, किल्ली आमच्याजवळ राहू द्या. तर म्हणे, बायका तिथं गप्पा छाटायला जातात. सगळे पुरुष हसले. मग बठ्ठ्या जणींनी, सगळ्यांनीच, पाणी पिणंच सोडलं. डब्यासोबत पाण्याची बाटली न्यायची नाही, असं ठरवूनच टाकलं आम्ही."

शोभाला वारंवार लघवीचा त्रास व्हायला लागला. ताप यायचा, अंग सुजायचं. सुट्टी घेतली तर जागा जाईल म्हणून ती गोळ्या खाऊन उभी राहायची. एक दिवस मशीनवरच कोसळली. तोवर मूत्रपिंडं कामातून गेली होती. काही महिने धुळ्याच्या दवाखान्यात ये-जा झाली, मग तेही थांबलं आणि शोभा गेली. शेठ कधी चौकशीला आले नाहीत. तिच्या जागी तर ती कोसळली त्याच्या दुसऱ्याच दिवशी नवी बाई उभी होती.

पुढे बाजारात स्वस्त माल आला आणि बड्या कारखान्यांनी नव्या मशीन आणल्या. शेठनी कारखाना बंद करून जागा विकली. आता तिथे घरपोच मालाचं गोदाम आहे. बाया पांगल्या. कोणी केळीच्या पॅकिंगला गेली, कोणी धुणीभांडी धरली. अक्काने ब्युरोत नाव घातलं.

"ते काम बरं होतं की हे?" मी विचारलं होतं.

ती जरा विचार करून म्हणाली, "तिथं भांडायला तरी सोबत होती. इथं बारा तास भिंती."

ब्युरोने पत्ता दिला. ती आली, पलंगावरचा माणूस पाहिला आणि ओळखला. त्याने हिला ओळखलं नाही. सुनेने काम समजावून दिलं आणि शेवटी सांगितलं, "घरातला बाथरूम वापरायचा नाही हं, बाई. मागे वॉचमनचा आहे, तिथे जा." अक्का म्हणते, तोवर ती परत जायच्या विचारात होती. हे ऐकलं आणि पिशवी खाली ठेवली.

पहिल्याच आठवड्यात तिने सूड घेतला. शेठनी डाव्या हाताने कॉट वाजवली. लागली की ते तसं करायचे. ही खिडकीशी केळं सोलत उभी होती. तळवा दाखवला. "थांबा. घाई कसाले?" शेठ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. मग वाजवणं थांबलं. ते भिंतीकडे तोंड करून रडायला लागले.

"बरं वाटलं?" मी विचारलं.

"वाटलं ना. खोटं कशाला बोलू? घटकाभर फार बरं वाटलं." मग कपाळाला हात लावून म्हणाली, "पण चादर कोणी धुतली? गादी कोणी पुसली? सूड मना, अन् धुणं बी मनंच, माझंच. म्हटलं, ही रीत काही कामाची नाही."

तिने दुसरी रीत शोधली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, शेठकडून रोज शब्द म्हणून घ्या, वाचा थोडी परत येईल. सुनेने 'राम' आणि 'पाणी' असे दोन शब्द ठरवून दिले होते. अक्का सकाळी अंग पुसताना, दाढी करताना, भरवताना एकच शब्द म्हणून घ्यायची. मी स्वतः ऐकलं आहे. गालाला साबण लावलेला, हातात वस्तरा, आणि शांत आवाजात, "म्हणा, शोभा. शो. ओठ पुढे काढा. शो."

"अक्का, त्यांना कळतं तरी का, कोणाचं नाव आहे?"

"रोज सांगते ना. आधी गोष्ट, मग नाव, मग दाढी."

शेठ तिच्याकडे टक लावून बघत असायचे. ते बघणं भीतीचं होतं की आणखी कशाचं, मला सांगता येणार नाही. एवढं खरं, की ती खोलीबाहेर गेली की त्यांचे डोळे दाराकडे लागायचे.

मग शेठचा पंचाहत्तरावा वाढदिवस आला. मला माहीत नव्हतं. मी नेहमीप्रमाणे नमुन्यांचा डबा घेऊन सकाळी गेलो, तर घर पाहुण्यांनी भरलेलं. धुळ्याच्या बहिणी, पाचोऱ्याचे व्याही. शेठना नवा झब्बा घालून चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. "आधी औक्षण होऊ द्या, मग रक्त घ्या," म्हणून मला पोह्यांची बशी दिली. काकूंनी, म्हणजे शेठच्या बायकोने, ओवाळलं. मुलगा मोबाइल धरून म्हणाला, "बाबा, आज काहीतरी बोला. सगळे आलेत तुमच्यासाठी."

शेठनी ओठ पुढे काढले. मान थरथरली. आणि सगळ्या घराला ऐकू जाईल असं ते म्हणाले, "शोभा."

कितीतरी महिन्यांनी उमटलेला पहिला धड शब्द. मुलाने आनंदाने मोबाइल उंच धरला आणि मग त्याचा हात तसाच राहिला. धुळ्याच्या एका बहिणीने शेजारणीला विचारलं, "कोण गं शोभा?" काकूंनी हातातलं तबक खाली ठेवलं. एवढा संसार केला आणि याच्या तोंडी पहिलं नाव परक्या बाईचं! त्यांनी नवऱ्याच्या तोंडासमोर जाऊन विचारलं, "कोण ही? सांगा ना, कोण?"

शेठनी डावा हात उचलून दाराशी उभ्या असलेल्या अक्काकडे बोट दाखवलं.

"तुझं नाव शोभा?" सून ओरडली.

"माझं नाही," अक्का म्हणाली. ती पुढे आली आणि सरळ काकूंशी बोलायला लागली. "काकू, तुम्ही समजता तशी ती नव्हती. तशी असती तर यांना नाव लक्षात राहिलं असतं. ते मला शिकवावं लागलं."

आणि तिने सगळं सांगितलं. खिळ्यावरची किल्ली, घड्याळ, हसणारे पुरुष, कोसळलेली शोभा. आवाज चढवला नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. पाहुणे बश्या हातात घेऊन उभे. शेवटी म्हणाली, "आणि या घरात मला अजूनही वॉचमनच्या संडासात जावं लागतं. तेवढंच काय ते बदललं."

मुलाने तिला त्याच पावली हाकललं. जाताना तिने शेठचा झब्बा मागून नीट केला, चुरगळला होता म्हणून, आणि चपला घालून गेली.

पुढच्या फेरीला मी गेलो तेव्हा शेठ खंगले होते. दोन नव्या बाया येऊन गेल्या होत्या. ते कोणाच्या हातचं खात नव्हते, तोंड मिटून घेत. काकूंनीच मुलाला बजावलं, जा आणि तिला घेऊन ये.

तो पिंप्राळ्याला गेला, तेही भर दुपारी. अक्काने दारातूनच तळवा दाखवला. "थांबा." मग आत जाऊन भाकरी खाल्ली, भांडी घासली, चहा ठेवला. तो गल्लीत उन्हात उभा. शेजारच्या बाया दारातून बघत होत्या. हे तिने मला सांगितलं तेव्हा मात्र ती पोटभर हसली.

तिने अटी घातल्या. घरातला बाथरूम. बसायला खुर्ची आणि दुपारी पाठ टेकायला जागा. आठवड्यातून एक सुट्टी. आणि 'ए बाई' म्हणायचं नाही. त्याने सगळं कबूल केलं.

"पण परत गेलात कशाला?" मी विचारलं. "सूड तर झाला."

"कुठं झाला? नुसतं नाव येतं त्यांना. आडनाव राहिलंय."

ते आडनाव शेठना शेवटपर्यंत नीट जमलं नाही. पण ते स्वतःहून प्रयत्न करायचे, तिने न सांगता. अडखळले की डोळे भरून यायचे. ती रुमालाने डोळे पुसायची आणि म्हणायची, "रडून काय होणार? परत म्हणा."

थंडीत शेठ झोपेतच गेले. मी भेटायला गेलो तेव्हा अंत्ययात्रा निघायची होती. अक्काने त्यांचे केस विंचरून दिले होते. मुलगा तिच्यापुढे हात जोडून उभा राहिला. "अक्का, बाबांना आता माफ करा."

"माफी माझ्याजवळ नाही, भाऊ," ती म्हणाली. "जिच्याजवळ होती ती गेली."

त्यानंतर ती मला दिसली नाही. धुळ्याला कुठल्याशा घरी काम धरलं, एवढं ब्युरोतून कळलं. त्या घराला काय काय अटी घातल्या असतील, देव जाणे.

पण त्या दिवशी पुरुषमंडळी निघून गेल्यावर मी मागे राहिलो होतो. अक्काने शेठची गादी उन्हात टाकली आणि ओसरीतल्या झोपाळ्यावर जाऊन बसली. तो शेठचा झोपाळा; त्यावर दुसऱ्या कोणाला बसलेलं मी पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने काकू बाहेर आल्या. मला वाटलं, उठवतील. त्या तिच्या शेजारी बसल्या.

मग काकूंनी विचारलं, "शोभाला लेकरंबाळं?"

"एक मुलगी. पाचोऱ्याला दिली."

"तिला एकदा आणशील इकडे?"

"ती कशाला येईल?"

काकू पदराशी चाळा करत राहिल्या. "मग मी जाते," त्या म्हणाल्या. "पत्ता दे."

अक्काने पायाने झोपाळ्याला रेटा दिला.

"पत्ता देते," ती म्हणाली. "दार उघडेल का, ते मला विचारू नका."