काकांनी विकलेलं मौन

आमच्या शेजारच्या काकांइतका धडधाकट माणूस मी अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या अल्फारेटात पाहिला नाही, आणि त्यांच्याइतका आजारीही. सत्तरी उलटली तरी स्वतःचं लॉन स्वतःच कापायचे, जिना चढताना मधली पायरी गाळायचे, कुणाकडे जेवायला गेले की तिसऱ्यांदा श्रीखंड मागून घ्यायचे आणि हे सगळं करता करता आपलं आता काही खरं नाही, हे समोरच्याला पटवून द्यायचे. मूळचे नागपूरचे, इंजिनियर म्हणून इथे आले आणि इथेच रिटायर झाले. पण त्यांची खरी नोकरी म्हणजे स्वतःची तब्येत. ती त्यांनी एकही रजा न घेता केली. त्यांचं दुखणं नुसतं कधी दुखायचं नाही. गुडघ्यात कुणीतरी सुपारी कातरत असायचं, पाठीतून मुंग्यांची वरात निघायची, आणि डोकेदुखी तर उजव्या कानशिलावरून निघून ठिकठिकाणी मुक्काम करत डाव्या खांद्यापर्यंत प्रवासाला जायची. रक्तदाब मोजायचं यंत्र जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी. पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला जायचा, आणि त्याचा रक्तदाब काकांपेक्षा जास्त निघाला की काकांचा चेहरा पडायचा.

या देशात 'हाऊ आर यू' हा प्रश्न नसतो, नुसतं खाकरणं असतं, हे काकांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं. एकदा मी त्यांच्यासोबत ग्रोसरीला गेले होते. काउंटरवरच्या मुलीने सवयीने विचारलं, आणि काकांनी कोथिंबिरीची जुडी खाली ठेवून पित्तापासून सुरुवात केली. मागे रांग वाढत चालली. मुलगी बिचारी आधी हसली, मग गंभीर झाली, शेवटी तिने आपल्या आजीलाही असंच होतं म्हणून सांगितलं. काका बाहेर आले ते इतके खूश, की कोथिंबीर आतच राहिली. काकू मात्र वर्षानुवर्षं एकच वाक्य म्हणायच्या, "माझं लग्न यांच्याशी झालंय की यांच्या पित्ताशी, हे मला अजून कळलेलं नाही."

आमच्या गल्लीच्या टोकाला अन्वी राहायची. इथेच जन्मलेली, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, डॉक्टर व्हायचं हे लहानपणापासून ठरलेलं. काकांची ती फार लाडकी, कारण त्यांचं बोलणं ती शेवटपर्यंत ऐकायची आणि वर प्रश्नही विचारायची. इथे आधी साधी पदवी घेतात आणि मगच मेडिकलला जातात; तो अर्ज करण्याआधी तिला उन्हाळ्यात भारतात जायचं होतं. विदर्भातल्या एका आडगावी छोटंसं रुग्णालय होतं, तिथल्या डॉक्टरीणबाई तिला दीड महिना आपल्यासोबत ठेवून घ्यायला तयार होत्या. शॅडोइंग म्हणतात त्याला. डॉक्टरच्या मागे उभं राहायचं, पेशंट कसा तपासतात ते बघायचं, कशाला हात लावायचा नाही.

"म्हणजे सावली," काका म्हणाले. "आणि सावलीला विमानाचं तिकीट लागतं?"

तिकीट तर लागतच होतं, शिवाय विमा, राहणं, खाणं. आणि नेमकी त्याच हिवाळ्यात तिच्या बाबांची नोकरी गेली. अन्वीने इंटरनेटवर मदतीचं एक पान उघडलं. एका मावशीने आणि दोन मैत्रिणींनी पैसे टाकले आणि ते पान तिथेच थबकलं. एक दिवस तिची आई माझ्याकडे येऊन म्हणाली, "तिने कॅन्सल केलं गं. रडली नाही, काही नाही. नुसतं 'इट्स ओके, आई' म्हणाली. ते जास्त लागलं मला."

काका तेव्हा माझ्याच स्वयंपाकघरात बसून आपली नाडी मोजत होते. ते तडक उठले आणि अन्वीच्या घरी गेले. मी मागोमाग. अन्वीने त्यांना सरळ सांगितलं, "काका, आय डोन्ट वॉन्ट चॅरिटी."

"चॅरिटी कोण करून राहिलंय? धंदा आहे हा," काका म्हणाले. "तू फक्त बघ."

गुढीपाडव्याला इथल्या मराठी मंडळाचा कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये होता. नाट्यगीत संपलं, जेवणाच्या रांगा लागायच्या बेतात होत्या, तेवढ्यात काका एक रिकामं खोकं घेऊन स्टेजवर चढले आणि माईक हातात घेतला. हॉलमध्ये एक दबकी लाट पसरली, कारण काका आणि माईक यांची भेट आजवर कुणी होऊ दिली नव्हती. काकांनी घसा साफ केला. "आमच्या अन्वीला डॉक्टरकी शिकायला जायचंय. तिच्यासाठी मी माझी एकुलती एक मौल्यवान वस्तू विकायला काढली आहे. जो कुणी या खोक्यात पैसे टाकील, त्याच्यासमोर अन्वी परत येईपर्यंत मी माझ्या तब्येतीबद्दल एक शब्द काढणार नाही."

पहिला हात वर झाला तो काकूंचा. हॉल हसून कोसळला. त्यानंतर जी झुंबड उडाली ती मी मंडळाच्या पुरणपोळीसाठीही पाहिलेली नाही. कुणी स्वतःसाठी दिले, कुणी नवऱ्यासाठी, एकाने तर भारतातून येणार असलेल्या सासूबाईंसाठी आगाऊ दिले. मीही दिले. त्या एका दुपारीत अन्वीच्या प्रवासाची सोय झाली. ती लाजून लाल झाली होती, पण हसता हसता तिने काकांना मिठी मारली.

येताना काका माझ्या गाडीत होते. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एवढे कंटाळले होते का गं सगळे मला?"

"छे हो काका. गंमत म्हणून दिले लोकांनी."

"हं," ते म्हणाले. "गंमत म्हणून माणूस थोडे देतो."

काकांनी शब्द पाळला, आणि असा पाळला की आम्हीच हैराण झालो. कसे आहात विचारलं की, "मजेत." पाठ काय म्हणते? "मजेत." रक्तदाबाचं यंत्र कपाटात गेलं. पॉटलकला, म्हणजे जो तो घरून एकेक पदार्थ आणतो त्या जेवणाला, लोक त्यांच्या शेजारी निवांत बसायला लागले आणि थोड्या वेळाने बोलायला काही सुचेनासं होऊन उठायला लागले. एकदा काकू कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "घर कसं दवाखाना बंद झाल्यासारखं वाटतंय गं."

निघायच्या आदल्या दिवशी अन्वी सगळ्यांच्या पाया पडायला फिरत होती. काकांकडे आली तेव्हा मी तिथेच होते. काका मागच्या अंगणातून तिच्यासाठी मोगऱ्याची फुलं घेऊन आले आणि मागच्या दाराच्या पायऱ्यांवर मधेच थांबले. कठड्याला धरून, जणू काही आठवतंय असं. मग एक पायरी चढून पुन्हा थांबले. मला काहीच वेगळं वाटलं नाही. अन्वी मात्र नमस्काराला वाकता वाकता सरळ झाली.

"काका, तुम्ही का थांबलात?"

"मजेत आहे मी."

"तुम्हाला घाम येतोय. इतकं गरम नाहीये. दुखतंय का कुठे?"

काकांनी एकदा काकूंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मान हलवली. "विकलंय ते. यांनी पैसे दिलेत."

"मी कुठे दिलेत?" अन्वीचा आवाज चिरकला. "आय डिडन्ट पे, काका! आमच्या घरातून कोणीच दिले नाहीत. मला सांगा. मला सांगायलाच पाहिजे!"

सुपारी नाही, मुंग्या नाहीत, वरात नाही. काका अगदी हळू म्हणाले, "चढताना छातीत दुखतं, बेटा. काही दिवस झाले. आज थांबतच नाहीये."

अन्वीने त्यांना होते तिथेच बसवलं आणि दुसऱ्या हाताने अँब्युलन्सला फोन लावला. तिचा आवाज फोनवर स्थिर होता, एक हात काकांच्या खांद्यावर. हॉस्पिटलात पोचल्यावर नर्सने काकांना विचारलं, एक ते दहामध्ये दुखणं किती? आयुष्यभर ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो प्रश्न आला होता. पण काकांनी काकूंकडे बघितलं आणि विचारलं, "सांगू?"

काकूंना मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सांगा हो. सगळं सांगा."

हृदयाकडे जाणाऱ्या दोन रक्तवाहिन्या तुंबल्या होत्या. स्टेंट घातले. वेळेवर आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. अन्वीने तिकीट पुढे ढकललं, आणि काका घरी येईपर्यंत जायचं नावच काढेना. शेवटी काकांनीच तिला बिछान्याशी बोलावलं. "काहून थांबलीस? मी आता रिपेअर झालेला माणूस आहे. जा. आणि तिथे जास्त बोलणारा पेशंट आला, तर हाकलू नको त्याला. खुर्ची दे." मग मला म्हणाले, "मी करार मोडला गं. सगळ्यांचे पैसे परत करायला लागतील." मंडळातल्या कुणीच ते मनावर घेतलं नाही. उलट जो तो येऊन त्यांच्या उशाशी बसायचा, आणि खोदून खोदून तब्येतीची चौकशी करायचा.

गंमत अशी, की आता काकांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण त्यांना सांगवेना. खरं दुखणं आल्यावर त्यांच्या उपमाच संपल्या. कुणी विचारलं की "बरा आहे" म्हणायचे, आणि त्याच्या मुलांची चौकशी करायचे.

अन्वी तिकडून परतली ती उन्हाने रापलेली आणि थोडी गप्प. डॉक्टरांनी काकांना चालायला सांगितलं होतं, म्हणून ती त्यांच्यासोबत तळ्याभोवती चालायला जायची. तिची चाल मुळात भरभर. पण त्यांच्यासोबत ती इतकी हळू चालायची, की मागून येणाऱ्या आज्याही त्यांना ओलांडून पुढे जायच्या. दोघं काय बोलायचे कोण जाणे. एकदा मी विचारलं, तर अन्वी म्हणाली, "नथिंग, मावशी. बदकं बघतो."

यंदा तिला मेडिकलला प्रवेश मिळाला आणि ती दूरच्या शहरात निघून गेली. हल्ली संध्याकाळी काका एकटेच निघतात. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते. कोपऱ्यावरच्या मेपलच्या झाडापाशी ते थांबतात, टोपी नीट करतात, जरा मागे वळून बघतात. मग मी गॅस बंद करते, पायांत चपला सरकवते आणि काही न विचारता त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहते. "चला," ते म्हणतात, आणि आम्ही हळूहळू तळ्याच्या दिशेने चालायला लागतो.