माणसं मोजणारे ब्रिगेडियर

लेफ्टनंट असताना माझं दुसरं पोस्टिंग उत्तर सीमेवर झालं. ब्रिगेड कमांडर होते ब्रिगेडियर इंगळे. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते.

आज मी त्र्याऐंशी वर्षांचा आहे. सिंगापूरला क्वीन्सटाउनमध्ये मुलीच्या फ्लॅटवर राहतो. गेल्या रविवारी नात अन्वी मला इथलं दुसऱ्या महायुद्धाचं स्मारक दाखवायला घेऊन गेली. परतताना एमआरटी मेट्रोत तिने इथल्या इंग्रजीच्या ढंगात विचारलं, "आजोबा, त्या काळातलं कोणी तुम्ही मीट केलंय? ऑल गॉन अल्रेडी, लाह."

"एकांच्या हाताखाली होतो," मी म्हणालो आणि तिला इंगळे साहेबांचं सांगितलं.

साहेब साताऱ्याकडच्या एका शाळामास्तरांचे चिरंजीव. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा आठ वर्षांचे होते. एकविसाव्या वर्षी कमिशन मिळालं. पलटणीच्या मेसमध्ये हिंदी अधिकारी ते एकटेच. जेवताना शेजारचा गोरा अधिकारी बोलत नसे. मग साहेब संध्याकाळी जवानांबरोबर हॉकी खेळत आणि मुन्शीकडून पश्तू शिकत. पुढे दोन वर्षं वायव्य सरहद्दीवर वझिरीस्तानात रस्त्याच्या बंदोबस्तावर काढली. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ते कॅप्टन होते.

आमच्या ब्रिगेडमध्ये ते पहाटे साडेपाचला दाढी करून तयार असत. पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, परत आली की एकच प्रश्न. "मोजले?" आम्ही तरुण अधिकारी मागून त्यांची नक्कल करायचो.

ऑक्टोबरात मी एकोणीस जवानांची पेट्रोल घेऊन डोंगराच्या पुढच्या धारेवर गेलो. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी समोरून मशीनगन सुरू झाली. आमचं टेहळणीचं काम झालं होतं. मी माघारीचा हुकूम दिला. आम्ही नाल्यात उतरलो. शेवटच्या सेक्शनचा कमांडर नाईक शिवराम घाडगे म्हणाला, "सगळे आले, साहेब."

मी रेडिओवर तेच कळवलं. त्या दिवशी ब्रिगेडियर साहेब आमच्या कंपनी हेडक्वार्टरला आले होते. हँडसेट त्यांनी घेतला.

"किती उतरले?"

"एकोणीस, सर."

"तू मोजलेस?"

"नाही, सर."

"मोज. ओव्हर."

अठरा होते. सिपाही दत्तू पवार नव्हता.

घाडगेचा चेहरा उतरला. "माझी चूक झाली, साहेब. मी जातो." मी कव्हरिंग फायर लावलं आणि त्याला जाऊ दिलं. पंचवीस मिनिटांनी तो पवारला पाठीवर घेऊन येताना दिसला. पवारच्या मांडीत गोळी होती. नाला दहा पावलांवर असताना घाडगेला मशीनगनचा बर्स्ट लागला. पवार गडगडत आमच्यात येऊन पडला. घाडगेला आम्ही ओढून आणलं. तीन वाजून वीस मिनिटांनी तो गेला.

संध्याकाळी साहेब माझ्या तंबूत आले. रिकाम्या पेटीवर बसले.

"सर, मी आधीच मोजले असते तर..."

"वझिरीस्तानात मी सेकंड लेफ्टनंट होतो," ते म्हणाले. "टेकडीवरची चौकी उठवायची होती. सुभेदार म्हणाला, सगळे उतरले. मी निघालो. सिपाही बाबाजी माने वर राहिला. दुसऱ्या दिवशी सापडला, मेलेला. तुझा पवार जिवंत आहे. एवढा फरक लक्षात ठेव."

ते उठले आणि तंबूच्या दारापाशी थांबले.

"मी मानेच्या आईला पत्र लिहिलं. जायची हिंमत झाली नाही. तू घाडगेच्या घरी जा."

रजा त्यांनीच मंजूर केली. घाडगेचं गाव डोंगराच्या कुशीत होतं. त्याचे वडील ओट्यावर दोरी वळत होते. मी काय घडलं ते सगळं सांगितलं. मी माणसं मोजली नव्हती, हेही सांगितलं. ते दोरी वळत राहिले.

मग त्यांनी विचारलं, "ज्याला आणायला गेला, तो वाचला का?"

"वाचला."

"चालतोय?"

"थोडा लंगडतो."

त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, शिवाचे साहेब आलेत. पान वाढा." शिवराम गेला तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. मी ज्या पाटावर जेवायला बसलो, तो त्याचा होता.