तोंडी राजीनामा

"तब्येत तवापासूनच ठीक नव्हती त्यांची. मास्तर खुद बोलले होते मले, के साहेब, आता नाई होत, मोकळं करा."

हे वाक्य मी पाण्याच्या पेल्यांचं ताट हातात घेऊन, अंगणातल्या पहिल्या रांगेच्या मागे उभी असताना ऐकलं. मोठेबाबा वारले होते, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सुरू व्हायचा होता. मेणबत्त्या लागल्या होत्या, मोठीआई पांढऱ्या लुगड्यात भिंतीला टेकून बसली होती, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून शाळेतून मागवलेल्या खुर्च्यांवर पाहुणे बसत होते. बोलणारे गृहस्थ धानाचे मोठे व्यापारी. मोठेबाबांनी अकरा वर्षं ज्या खाजगी शाळेत इंग्रजी शिकवलं, तिच्या समितीचे सेक्रेटरी. शेजारच्या माणसाने मास्तरांना काय झालं होतं म्हणून विचारलं, त्याचं हे उत्तर. शेजारचा म्हणाला, "असं का? मले वाटे तुमीच काढलं." सेक्रेटरी हसले. म्हणाले, "अरे बाप्पा, आमी कायले काढतो? हिरा माणूस." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी ताटातला एक पेला उचलला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना आणि मोठीआईला मूलबाळ नव्हतं. वडील रेल्वेत, बदलीची नोकरी, म्हणून मला आठव्या वर्षी जबलपूरला नन्सच्या शाळेत ठेवलं होतं आणि सुट्ट्यांपुरती मी बालाघाटला मोठेबाबांकडे यायची. त्या शाळेने मला इंग्रजी दिलं आणि बोलणं काढून घेतलं. घरी आल्यावर मी मराठीत अडखळायची, हिंदीत लाजायची, आणि इंग्रजीत बोलायला समोर कोणी नसायचं. फक्त मोठेबाबा. तेही इंग्रजी बोलायचे ते जपून, नवीन चप्पल घालून चालावं तसं. त्यांच्या घरात इंग्रजी बोलणारा पहिला माणूस तेच. एकेक शब्द कुठून आणला ते त्यांना आठवत असे. माझे उच्चार ऐकून खूश व्हायचे आणि मोठीआईला हाक मारून सांगायचे, "आयक, मेमसाब बोलून राह्यली." मी आत पळून जायची.

शाळेबाहेरही त्यांच्या ओसरीवर संध्याकाळी पोरं जमत. व्याकरणातला सगळ्यात कंटाळवाणा धडा म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याने सांगायचं, तेव्हा वाक्य कसं बदलतं तो. इतर मास्तर फळ्यावर नियम लिहून पाठ करायला लावत. मोठेबाबा निरोप खेळायला लावत. एक पोरगं विहिरीपाशी उभं राहून मनातलं काहीतरी बोलायचं. दुसरं ते ऐकून ओसरीवर धावत यायचं आणि इंग्रजीतून सांगायचं की तो असं असं म्हणाला. बाकीचे वहीत उतरवायचे. पण खेळ तिथे संपत नसे. वही घेऊन परत विहिरीपाशी जायचं, ज्याचं बोलणं होतं त्याला वाचून दाखवायचं, आणि त्याने मान्य केलं तर समासात त्याच्याच हाताने 'हौ', म्हणजे हो, असं लिहून घ्यायचं. 'हौ' नसलेलं वाक्य मोठेबाबा तपासतच नसत, मग ते कितीही बिनचूक असो. म्हणायचे, "ज्याच्या तोंडातून नेलं, त्याले आणून दाखवा. तो हौ म्हणन, तवाच वाक्य पुरं." एकदा एका पोराला त्यांनी गाढव म्हटलं. त्याने लगेच ओसरीवर येऊन गंभीरपणे सांगितलं, "सर सेड दॅट ही वॉज अ डाँकी." सगळी ओसरी हसली. आपण स्वतःच गाढव ठरलो हे लक्षात येऊन मोठेबाबाही हसले, वही मागवली आणि समासात लाल पेन्सिलीने लिहिलं... हौ.

मी कधी विहिरीपाशी गेले नाही. मला बोलायचं नसे. मी खांबाआड बसून सगळ्यांची वाक्यं वहीत उतरवायची. मोठेबाबांनी कधी जबरदस्ती केली नाही. एवढंच म्हणत, "लिहून राह्यली न? लिही. बोलशील कधीतरी."

एकसष्ट सालचा उन्हाळा. मी पंधरा वर्षांची होते. मे महिन्याच्या शेवटी दुपारी शाळेचा शिपाई आला. कारकून लग्नाला गावी गेलाय, समितीला एक कागद इंग्रजीत लिहून हवाय, सेक्रेटरीसाहेबांनी 'कान्व्हेंटवाल्या बिटिया'ला बोलावलंय. मोठीआईला केवढा आनंद झाला. तिने माझी वेणी पुन्हा घातली, नवी रिबीन बांधली. मोठेबाबा सकाळपासून सायकलने राजेगावला गेलेले. शाळेत मला ऑफिसच्या आतल्या, नकाशे ठेवायच्या खोलीत बसवलं. मध्ये फक्त पडदा होता. थोड्या वेळाने बाहेर सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला आणि मोठेबाबांचा खोकला ऐकू आला. मला वाटलं, आता त्यांना कळेल मी इथे आहे, केवढं कौतुक करतील. मी उठणार, तेवढ्यात सेक्रेटरींचा आवाज आला आणि मी बसूनच राहिले.

सेक्रेटरींचा भाचा त्या वर्षी बी.ए. झाला होता. त्याच्यासाठी जागा हवी होती, हे अर्ध्या गावाला माहीत होतं. सेक्रेटरी गोड बोलत होते. मास्तर, तुम्ही थकलात, लोकही काही काही बोलतात, आमच्या पोरांना इंग्रजी शिकवायला खालच्या वस्तीतलाच माणूस सापडला का म्हणतात, मी त्यांना गप्प करतो, पण किती दिवस करू. राजीनामा द्या, मानाने जा. मोठेबाबा बोलले ती तीनच वाक्यं. ती वाक्यं मी शेवटी लिहीन. सेक्रेटरी म्हणाले, "हौ हौ, तसंच करू." सायकल पुन्हा निघाल्याचा आवाज आला.

मग पडदा सरकवून सेक्रेटरी आत आले. पंखा नव्हता, त्यांनी उपरण्याने मान पुसली आणि हिंदीत मजकूर सांगितला. की अमुक शिक्षक समितीसमोर हजर झाले, त्यांनी सांगितलं की आपली प्रकृती बरी नसते, शिकवणं झेपत नाही, तरी आपल्याला सेवेतून मोकळं करावं. समितीने हा तोंडी राजीनामा मंजूर केला. "अच्छी अंग्रेजी में लिखना, बेटी." मी काय ऐकलं होतं ते मला माहीत होतं. हे तसं नव्हतं तेही माहीत होतं. पण मोठ्या माणसाला 'असं नाही' म्हणायला जो आवाज लागतो, तो माझ्याजवळ नव्हता. मी लिहिलं. चांगल्या इंग्रजीत, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड न करता. त्यांनी मला दोन संत्रागोळ्या दिल्या. संध्याकाळी मोठेबाबा ओट्यावर पाय धूत मोठीआईला काहीतरी सांगत होते आणि मी दारात बोटांवरची शाई लपवायला हात पाठीमागे धरून उभी होते.

समितीने त्या कागदात जे कारण लिहिलं, त्याने नोकरी गेली एवढंच झालं नाही. ज्याची प्रकृती बरी नसते अशा मास्तरला दुसरी शाळा कशाला ठेवेल? कटंगीला त्यांनी विचारलं, तुमसरला विचारलं. सगळीकडे आधी कागद मागत आणि मग तब्येतीची चौकशी करत. उन्हातान्हात वीस-वीस मैल सायकल हाणणारा माणूस, आणि लोक त्याला बसा बसा म्हणून खुर्ची देत. पुढली दहा वर्षं ते त्या ओसरीवरच शिकवत राहिले. भाचा त्यांच्या खुर्चीवर बसला, आणि परीक्षा जवळ आली की त्याचेच विद्यार्थी मोठेबाबांच्या ओसरीवर येत. मोठेबाबा त्यांनाही विहिरीपाशी पाठवत.

त्यांनी अर्ज करकरून समितीच्या कागदाची नक्कल मागितली होती. नक्कल कसली, आळसाने मूळ कागदच पाठवला गेला. त्याच वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी आले तेव्हा तो त्यांच्या व्याकरणाच्या पुस्तकात होता. त्यांनी मला समोर बसवून तो वाचला. माझं अक्षर ते ओळखणार नाहीत असं मला क्षणभरही वाटलं नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढला. म्हणाले, "चूक एकबी नाई. अक्षरबी चांगलं हाय तुयं." मग समासावर बोट ठेवलं, रिकाम्या. "फक्त ज्याचं हाय, त्याले इचारलं नाई कोणी." तू काहून लिहिलं, असं त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, नंतरही नाही. घरात कुणाला सांगितलंही नाही. विचारलं असतं, रागावले असते, तर माझा राग माझ्यावरच विरला असता. त्यांनी तसं केलं नाही, म्हणून तो इतकी वर्षं टिकला, आणि हळूहळू त्याला खरा पत्ता सापडला.

मी आता एका वकिलांच्या ऑफिसात टाइपिस्ट आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं कागदावर घेते. साक्षीदार बोलतो, साहेब सांगतात, मी टाइप करते. शेवटी तो कागद वाचून दाखवावा लागतो, आणि रोज त्या वेळी मला नकाशांची खोली आठवते. सेक्रेटरींचा आवाज मला पाठ आहे. उपरण्याने मान पुसताना ते कुठे थांबले, तेही. माणसाला विसरायला वेळ मिळू नये म्हणून मी दर मे महिन्यात ते सगळं एकदा वहीत लिहून काढते. समजूतदार लोक मला म्हणाले, गेलेल्या माणसाच्या निमित्ताने जुनं काढू नये. मला समजूतदार व्हायचं नाही. मोठेबाबा समजूतदार होते.

या लेखात मी सेक्रेटरींचं नाव लिहिलेलं नाही. भीतीने नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल, आणि बाकीच्यांनी विचारत विचारत शोधावं, अशी माझी इच्छा आहे. पण त्यांचं बोलणं त्यांच्या पाठीमागे लिहिते आहे, तेव्हा मोठेबाबांचा नियम मी पाळला. वर्तमानपत्राच्या पुरवणीकडे पाठवण्याआधी हा मजकूर मी सेक्रेटरींना रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला, समास मोठा सोडून. कुठे चूक असेल तर तिथे लिहा, म्हणून. उत्तर आलं नाही. पोचपावती आली, त्यांच्या सहीसकट. ती मी व्याकरणाच्या पुस्तकात ठेवली आहे, त्या कागदाशेजारी.

तर त्या दिवशी अंगणात... वंदना झाली, चार जण बोलले, मग सेक्रेटरी उठले. त्यांनी मोठेबाबांच्या तसबिरीला हात जोडले आणि सगळ्यांसमोर, पुन्हा, तेच सांगितलं. मास्तर कसे खुद आले, कसं म्हणाले, की तब्येत साथ देत नाही, आणि आपल्याला किती वाईट वाटलं. मोठीआई भिंतीला टेकूनच बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती. घरचं कोणी बोलणार का, असं विचारलं गेलं. वडील नाही म्हणून मान हलवत होते. मी पेल्यांचं ताट खाली ठेवलं, आत गेले, पुस्तकातून कागद काढला आणि येऊन विहिरीपाशी उभी राहिले. पोरं उभी राहायची तिथे. माझा आवाज त्या अंगणात बहुतेकांनी कधी ऐकला नव्हता, मीही नाही.

मी म्हणाले:

"साहेब, हा कागद तुमी सांगितला आन् मी लिहिला. पडद्यामागं होती मी. मोठेबाबा बोलले ते हे हाय. 'मी शाळा सोडून जात नाई. तुमाले काढाचं असन तं काढा, पण कारण लिहा. आन् लिहिलं का मले वाचून दाखवा.' वाचून दाखवाले आता ते नाईत. त्या खोलीत दुसरे तुमीच होते. आता तुमी म्हणा, हौ."