अर्ध्या कोयत्याची तपासणी

आमच्याकडं ऊसतोडीला माणूस जात नाही, कोयता जातो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटाच आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम दारात उभं करत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा माझा सगळा वैताग या एका हिशोबातून निघाला.

मी पालीच्या पल्याड एका वाडीत आशाचं काम करते. केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, काम तेच. बाळंतपणं, लसी, गोळ्या, आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघायच्या वेळेला एचआयव्हीची तपासणी करून घ्या म्हणून दारोदार तोंड वाजवणं. लस म्हणलं की लोक दार उघडतात. या तपासणीचं नाव काढलं की घरात कुणीच नसतं. चुलीवर दूध उतू चाललेलं दिसतं, पण घरात कुणी नसतं.

त्या साली खालच्या आळीतली एक सून पोटुशी होती. पहिलटकरीण. नवरा आदल्या साली ट्रकवर गेलता, महिनोन्‌महिने बाहेर. पोरगा वाईट नव्हता, पण बाहेरच्या मुक्कामाचं कुणी कुणाचं सांगावं? सुनेची तपासणी उपकेंद्रात झाली, काही निघालं नाही. पण तिचं एकटीचं बघून भागत नाही ना. नवऱ्याला आजार असला आणि दिवस भरायच्या आत तो तिला लागला, तर पोटातल्या लेकरालाही लागू शकतो. वेळेत कळलं तर गोळ्या आहेत, लेकरू वाचतं. आणि न कळता ही दोघं सहा महिने उसाच्या फडात गेली, म्हणजे मग कोण बघणार? मला त्या लेकराची फिकीर होती. बाकी कुणाला दिसत नव्हती.

घरी गेले तर नवरा भाकरी खात बसलेला.

"मावशी, झाली की तपासणी," तो म्हणाला.

"कधी रे?"

"मागल्या महिन्यात. हिची."

"ती हिची. तुझी?"

"आमचा कोयता एकच हाय. हिची झाली म्हंजे माजीबी झाली."

मला वाटलं थट्टा करतोय. तर हा आपला ठेच्याला बोट लावून पुढं जेवतोय. आतून सासू आली.

"सुनंचं रगत घेतलं न्हवं? मग पोराला आनखी कावून टोचायचं?"

"आक्का, तुमचं पोरगं अन् तुमची सून एका रगताची न्हाईत."

"लगीन झालंय की त्यांचं," सासू म्हणाली.

मी पिशवीतनं कंडोमची पाकिटं काढून पोराच्या पुढं ठेवली. म्हणलं, तपासणी होईपर्यंत हे तरी वापर. तर म्हणतो, "आता कशाला? लेकरू तर राह्यलंय." कंडोम फक्त लेकरू थांबवायला असतो, हे या वाडीच्या डोक्यात कुणी घातलं देवाला ठाऊक. मी आजाराचं सांगितलं, तर म्हणाला, "लग्नाच्या बायकोसंग कसला आजार, मावशी?" इतकी वर्षं मी हेच ऐकते. माझ्या कानाला घट्टे पडलेत.

मुकादमाकडं गेले. म्हणलं, तुमचं ऐकतेत, तुमी सांगा. तो विड्याला चुना लावत म्हणाला, "मावशी, मी कोयते मोजतो. रगत न्हाई मोजत." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसला.

सून मात्र दाराआडून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी हापशावर तिनं मला हळूच विचारलं, "मावशी, खरंच यांच्यामुळं लेकराला हुतंय का?" मी तिला नीट समजावून सांगितलं. ती घागर भरून निघून गेली. मला वाटलं, झालं, इथंच मिटलं.

टोळी निघायची सकाळ उजाडली. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, बोचकी, खुराड्यात कोंबड्या, बांधलेल्या शेरड्या. सगळे चढले. सून खालीच उभी.

"बस की," नवरा म्हणाला.

"न्हाई बसत."

"कावून?"

"माजी तपासणी झाली, तुमची न्हाई. म्हंजे अर्ध्या कोयत्याचीच झाली. मुकादम अर्धा कोयता न्हेत न्हाई."

ट्रॉलीत बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मुकादमाचं तोंड बघण्यासारखं झालं. "जा बे, टोचून ये," तो पोरावर खेकसला. "डिझेल जळतंय फुकट."

उपकेंद्रापर्यंत पोरगा माझ्या पुढं चालला, दारात मात्र मागं झाला. "मावशी, काई निघालं तर?"

"निघालं तर गोळी खायची. गोळी खाऊन नातवंडं खेळवणारी मानसं मला ठावं हायत. कोन ते इचारू नको."

सिस्टरनं बोट टोचलं. मी बाहेर पायरीवर बसले, कारण जे निघंल ते त्याचं असतं, माझं नाही. पण पोरगा बाहेर आला तो उड्या मारतच. काही निघालं नव्हतं. माझाही जीव भांड्यात पडला. म्हणलं, हे आजचं झालं, पुढचं तुझ्या हातात, आणि पाकिटं त्याच्या खिशात कोंबली.

ट्रॉलीपाशी पोचायच्या आत यानं सगळ्या टोळीला ओरडून सांगितलं. मुकादम खूश. "चला, टोळीचं काम झालं."

"टोळीचं कुठं झालं? एकाचं झालं."

"मावशी, शितावरून भाताची परीक्षा."

माझं डोकं असं फिरलं की मी ट्रॉलीचं मागलं फाळकं धरूनच उभी राहिले. म्हणलं, "तुमच्यातला एक जेवला म्हंजे बाकीच्यांची पोटं भरतेत का? मग फडात एकाचीच चूल मांडा." जो तो आपापली बोचकी आवळायला लागला. शेवटी एक वयस्कर बाई कोंबडीचं खुराडं बाजूला सारत खाली उतरली. नवऱ्याला म्हणाली, "उतरा ओ, ही काय फाळकं सोडत न्हाई." तिचा नवरा उतरला, त्याच्या मागनं आणखी दोघं-तिघं. बाकीचे बसूनच राहिले, आणि मुकादम हॉर्न वाजवत राहिला.

ते टोचून आल्यावर ट्रॅक्टर हलला. सून फाळक्याच्या कडेला बसली होती. वाकून मला म्हणाली, "मावशी, यांच्या खिशातली पाकिटं मी माज्या बोचक्यात ठिवली. न्हाईतर हे टोळीत वाटून मोकळे व्हतील."

मी पिशवीत जेवढी पाकिटं उरली होती तेवढी सगळी चालत्या ट्रॉलीत तिच्या ओटीत टाकली. म्हणलं, वाटू दे बाई. वाटू दे त्याला.