पुंजाजीची जागा

इंग्रजाच्या टायमातली गोठ हाये. कारंज्याले भागचंद शेठचं जीन होतं, कपाशीतून सरकी काढाचा कारखाना. शेठले फुटबॉलचा लय नाद. जिनातल्या गड्यायची त्यानं टीम बांधली होती, अन् ते टीम मुर्तिजापूर, अकोल्यापावतर खेयाले जाये. त्या टीममंधी पुंजाजी बारा वर्षं खेयला. पन त्याची जागा कोनती, असं इचारलं तर खुद शेठलेबी सांगता येत नसे. आज पुढं गोल माराले, उद्या मांगं अडवाले, परवा गोलाच्या खांबात.

आला तवा तो कपाशीचे बोझे उचलाले आला होता. मानोऱ्याकडचा कुनब्याचा पोट्टा, आंगानं काडी, पायात वहान नाई. एक रोज चेंडू कपाशीच्या गंजीवर आला. पुंजानं डाव्या पायानं असा हानला का थेट मॅनेजरच्या वसरीत जाऊन पडला. टीमचा कप्तान प्रेमसिंग, जिनातला फिटर. तो धावत आला.

"उजव्या पायानं मार बरं."

मारला.

"डोक्यानं?"

तेबी.

"आता धर हातानं." पुंजानं धरला.

"अबे, तुह्यात काय नाई तेवढं सांग!" प्रेमसिंग म्हने.

तवापासून बोझे बंद. सकायी मशीनले तेल घालाचं, दुपारून खेयाचं, अन् पगार बारा महिन्याचा. गावात लोक पोट धरू धरू हासत. "लाथा माराचा पगार भेटते म्हने पुंजाले!" त्याची माय म्हने, "हासा बाप्पा. आमचं गाढवबी लाथा मारते, त्याले कोनी देत नाई!"

सभाव लोन्यावानी. "पुंजा, आज डावीकून." हाव. "पुंजा, आज मांगं." हाव. जिथं उभं कराल तिथचे खडे अंगोदर येचून काढे, कोनाच्या पायाले लागू नाई म्हून. साऱ्या जागी खेयल्यानं सारं मैदान साफ झालतं.

मंग निंगाली लग्नाची गोठ. पोहरादेवीच्या जत्रेत त्यानं मारोतराव पाटलाची गोजरा पाह्यली होती, अन् तवापासून दुसऱ्या पोरीचं नाव काढू देत नसे. मायनं निरोप धाडला. मारोतराव पोरगं पाह्याले आला तो सिद्धा मैदानावर. भिताडावर बसला. त्या रोजी पुंजा पयले मांगं होता, मंग डावीकून गेला, अन् आखरीले पुढं.

खेय सरल्यावर मारोतरावनं त्याले बाजूले घेतलं.

"काहून रे, तीन जागून उठोलं तुले?"

"उठोलं नाई मामा, धाडलं."

"मले नोको शिकवू. सालदार गडी औतावरून काहाडला, गोठ्यात लावला, तठूनबी काहाडून पिकाच्या राखोयीले बसोला, तं समजाचं का त्याले एकबी काम येत नाई. असा सालदार मी पोयाच्या सनापावतर ठेवत नाई, अन् तुले पोरगी देऊ?"

मारोतराव जाता जाता म्हने, "ऐतवारी अकोलेवाले येऊन राह्यले ना? येतो. एका जागी टिकला तं बोलू. नाई तं तुह्या मायले सांग, दुसरं घर पाह्य."

ऐतवारी पुंजानं जलमात पयल्यांदा प्रेमसिंगपुढं हात जोडले. "दादा, आज मले हालवू नोको. माह्या लग्नाचा सवाल हाये."

"पुढंच राय. मी तुहं नाव बी घेत नाई."

अन् पुढं राहून त्यानं गोल मारला. भिताडावर मारोतरावची मान हालली. पुंजाले वाटलं, जमलं!

तेवढ्यात जिनाच्या गोलात उभा असलेला देवला चेंडूवर झेपावला अन् हातावर पडला. मनगट फुगून पपई झालं. त्या टायमाले बदली गडी घेत नसत. अकरा म्हंजे अकरा. देवला कडेले उभा राहू शके, पन खांबात कोन जाइन? प्रेमसिंगनं एकाकडं पाह्यलं, त्यानं मान खाली घातली. दुसऱ्याकडं पाह्यलं, तो धोतराचा कासोटा आवरू लागला. पुंजाकडं मात्र प्रेमसिंगनं पाह्यलं नाई. बोलीचा पक्का.

पुंजानं भिताडाकडं पाह्यलं. मंग खांबायकडं. मंग देवलाची टोपी घेतली, डोक्यावर चढोली, अन् निंगाला.

मारोतराव उठला. काठी घेतली. पुंजाले फेट्याची पाठ दिसली. झालं, सरलं.

अकोलेवाले चेंडू घेऊन येऊन राह्यले होते. तेवढ्यात खांबाच्या मांगून आवाज आला, "काहून रे, तठूनबी हाकललं काय तुले?"

पुंजानं चेंडूवरची नजर काढली नाई. "हाकललं नाई मामा. अठी कोनी नव्हतं."

मारोतराव गेला नाई. काठीवर हनुवटी टेकून तठीच उभा राह्यला. एक चेंडू पुंजानं छातीवर घेतला, एक गुडघ्यानं काहाडला. आखरीचा आला तवा मारोतरावच वरडला, "उजवीकून, उजवीकून येते!" पुंजा उजवीकून पडला, अन् चेंडू त्याच्या पोटाखाली. टीम एका गोलानं जितली. मारोतराव फेटा झटकून बैलगाडीत जाऊन बसला, अन् पुंजा जिवाले घोर लावून बसला.

घरी जाऊन मारोतराव रंगूबाईले, आपल्या बायकोले, म्हने, "डाव्या आंगाले जुपा, उजव्या आंगाले जुपा, सारखाच चालते. एकला पडू द्या, तरी वढते. असा भेटत नाई."

"अवो, तुमी जावाई पाह्याले गेलते का बैल बाजारात?"

"हास. अन् उद्या त्याच्या मायले निरोप धाड. इचार, जीन कवा बंद होते."

कपाशीचा हंगाम सरून जीन फागुनात बंद झालं, अन् मांडव पडला. सारी टीम वरातीत आली होती. देवलाचा एक हात अजून फडक्यात, तरी दुसऱ्या हातानं डफडं वाजवून राह्यला होता, अन् मारोतराव त्याच्यासाठी ते डफडं धरून पुढं पुढं चालत होता.