घंटीची चिंधी

शेवंता, मी गाव सोडलं तेव्हा तू अजून सून होऊन आली नव्हतीस, नाहीतर तो तमाशा बघून तू या घरात लग्नच केलं नसतंस. फाट्यावर एसटी घरघरत उभी, कंडक्टर ओरडून दमलेला, आणि आपल्या सासूबाई माझ्या हातात पितळेची घंटी देऊन ती कशी वाजवायची ते शिकवतायत. हळू वाजवली तर देव कूस बदलून पुन्हा झोपतो, असं त्यांचं म्हणणं. पलीकडे माझी आई. तिला देवाची नाही, माझ्या हसण्याची काळजी. मला लहानपणापासून नको तिथे हसू येतं. ती एवढंच म्हणाली, "तोंडावर पदर ठेव गं बाई, परमुलूख आहे." ते ऐकूनच मला हसू फुटलं. एसटी हलली ती मांडीवरची घंटी वाजत आणि मी हसत. शेजारी तुझे थोरले दीर मान खाली घालून बसलेले. भोसरीत कारखान्यात नुकतंच चिकटलेले, आणि पदरात बायको ही अशी.

आज हे लिहायला बसले, कारण भाऊजी रविवारी गाडी घेऊन मला न्यायला आले आणि गाडी तशीच रिकामी घेऊन परत गेले. तू माझ्यासाठी खोली रंगवलीस, खिडकी पूर्वेला काढलीस, हे मला माहीत आहे. तेव्हा मी का आले नाही ते तुला माझ्याकडूनच कळू दे. तुझ्या मालकांना गोष्ट नीट सांगता येत नाही.

तर भोसरी. पत्र्याच्या खोल्यांची एक लांबलचक रांग, पुढे सामाईक ओटा, आणि टोकाला मालकीणबाईंचा गोठा. त्या तिथल्या मूळच्या शेतकरी. पहिल्याच सकाळी मी न्हाऊन, देव मांडून, सासूबाईंच्या हुकमाप्रमाणे घंटी बडवली. उन्हं चांगली वर आली होती. बघते तर काय, एकेका दारातून पुरुष बाहेर यायला लागले. बनियन, लुंगी, तांबारलेले डोळे, विस्कटलेले केस. मला वाटलं, काय भाविक गाव आहे! एवढी मंडळी आरतीला! मी ताम्हन घेऊन ओट्यावर गेले आणि एकेकाच्या हातावर खडीसाखर ठेवली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली, तोंडात टाकली आणि आत जाऊन दारं लावली. मी धन्य झाले. देव पावला म्हणून मी मालकीणबाईंनाही साखर द्यायला गोठ्यात गेले. त्या शेण भरता भरता थांबल्या.

"अगं ए बीडकरीण, ही समदी रातपाळीची माणसं हायेत. तुजा देव उठायच्या आदी हीच उठली की गं."

लाजून मेले असते तर बरं झालं असतं. पण तेव्हा मी लाजणारी नव्हते, भडकणारी होते. हे कसलं गाव, जिथे देवालाही शिफ्ट लावायची! घंटी वाजणार नसेल तर मी इथे राहणार नाही, असं मनाशी म्हणत मी गाठोडं बांधलं. यांना उठवून सांगणार होते. हेही रातपाळीलाच, रात्रभर मशीनपाशी उभं राहून आले होते आणि भिंतीकडे तोंड करून झोपले होते. एक हात बाहेर पसरलेला, तळवा वर. घासूनही न गेलेलं काळं तेल तळव्याच्या रेषांत बसलेलं. गावाकडे या माणसाला मी दिवसा झोपलेला कधी पाहिला नव्हता. मी गाठोडं हातात धरून उभी राहिले. मग ते सोडलं, जुन्या लुगड्याचा काठ फाडला आणि घंटीतल्या लोळ्याला गुंडाळून घट्ट बांधला. हलवून पाहिली. खुट खुट. उंदीर डबा कुरतडतो तशी.

माझी भक्ती त्या दिवसापासून खुट खुट सुरू झाली. देवाला ऐकू जात असेल का, याची मी वर्षभर काळजी केली. मग सोडून दिली. ज्याला एवढंही ऐकू येत नाही, त्याला ओरडून तरी काय सांगायचं?

हसणंही तसंच शिकले. दुपारी आम्ही बाया ओट्यावर गहू निवडत बसायचो. आत पुरुष झोपलेले. मालकीणबाई मात्र एकेक सांगायच्या. आमची म्हस आता माजं ऐकत न्हाई, कंपनीचा भोंगा झाला की मगच पान्हा सोडती, म्हनं. आम्ही सगळ्या पदर तोंडात कोंबून, खांदे गदगदा हलवत, डोळ्यांतून पाणी काढत हसायचो. एकदा नवा भाजीवाला आला. त्याने टोपली उतरवली आणि हात जोडून हळूच विचारलं, कोण गेलं? त्यानंतर जे झालं, त्यात आख्खी थर्ड शिफ्ट जागी झाली.

आईने सांगितलेला पदर असा कामी आला.

हे रिटायर झाले, आम्ही मोशीला मुलाच्या फ्लॅटमध्ये आलो. पहिल्या सकाळी मी चिंधी सोडली आणि घंटी खणखणीत वाजवली. हे पेपर टाकून आत आले. "ही आपली आहे? चांगली वाजते की गं." बरोबरच आहे, एसटीतल्या त्या दिवसानंतर त्यांनी ती कधी ऐकलीच नव्हती. पुढे ते होते तोवर मी रोज जरा जास्तच वाजवायची.

आता नात. प्राचीने मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि गेल्या वर्षी चाकणला लागली. लाइनवर. टेबलावर नाही. तिलाही आठवड्याआड रात्रपाळी येते. सकाळी कंपनीची बस तिला कोपऱ्यावर सोडते, ती दोन घास खाते आणि आडवी होते. तिचा तळवा मी पाहिला आहे. तेच तेल. कपाटातून चिंधी काढली.

पण भोसरीत फक्त माझी घंटी होती. इथे दाराची बेल, पार्सलवाले, खालची गाडी धुणारी मुलं, आणि वरच्या मजल्यावर एक देशपांडे, ज्यांना निवृत्तीनंतर ड्रिल मशीन सापडलं आहे. बेलचं बटण मी बंद करून घेतलं आहे. दारात खुर्ची टाकून बसते. कुरिअरवाला आला की ओठावर बोट, हातावर खडीसाखर. देशपांडेंकडेही साखर घेऊन गेले. म्हटलं, आरती झाली, आता बसा. ते बसले.

मुलगा आणि सून दोघं सकाळीच कामाला जातात. भाऊजी मला न्यायला येतात असा तुमचा निरोप आला, तेव्हा मुलगा मला म्हणाला, आई, जा तू, तिथे शांतता आहे. आणि प्राचीला म्हणाला, आजी गेल्यावर दिवसा तुझी झोप होणार नाही, झोपेत मशीनपाशी उभी राहू नकोस, त्यापेक्षा ही नोकरी सोड. प्राची एवढंच म्हणाली की आजीला अडकवू नका, मी बघते काय ते. ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मला ओळखीचा होता. गाठोडं बांधलेल्या बाईचा.

रविवारी भाऊजी आले, तेव्हा मुलगा-सून बाजारात गेलेले आणि आत प्राचीचा नुकताच डोळा लागला होता. आपले भाऊजी! या बांधावरून त्या बांधाला हाक मारणारा माणूस. दारातच त्यांनी "वैनी" म्हटलं आणि मी ओठावर बोट ठेवलं. मग ते सगळं कुजबुजत बोलले. पाऊसपाणी, तुझे गुडघे, पूर्वेची खिडकी, सगळं. एवढा मोठा माणूस, मिशीत कुजबुजतोय. माझे खांदे हलायला लागले. त्यांना वाटलं मी रडते आहे. त्यांचेही डोळे भरले.

"वैनी, न्यायलाच आलो हाय. येता का न्हाई?"

मी देवघरातून घंटी आणली आणि त्यांच्यासमोर हलवली. खुट खुट. ते तिच्याकडे बघत राहिले, मग आतल्या बंद दाराकडे. मी त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवली. त्यांनी ती तोंडात टाकली, माझ्या पाया पडले आणि चपला हातात घेऊन जिन्यापर्यंत अनवाणी गेले. शेवंता, तुझा नवरा शहाणा आहे. मी वर म्हटलं ते परत घेते.

तुझी खोली वाया जाणार नाही, दिवाळीला येईन. घंटी आणेन, तिथे चिंधी काढून वाजवीन, तुझ्या म्हशी उधळल्या तरी चालेल. पण राहणार इथे. गावाची शांतता आयती आहे. इथली मला रोज करावी लागते, आणि केलेली मला जास्त गोड लागते.

दुपारी प्राची उठली. कोण आलं होतं, काय झालं, ते मी सांगितलं. देवघरापाशी जाऊन तिने घंटी उलटी करून पाहिली. काठाची चिंधी विरून दशा झाल्या होत्या. तिने जुना युनिफॉर्म काढला, कात्रीने त्याची बाही कापली आणि पट्टी माझ्या हातात दिली.

"ही बांध आजी. जाड आहे, टिकेल."