मरून पर्स

अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगला आमच्या घराजवळ चर्चतर्फे चालणारं जुन्या वस्तूंचं एक दुकान आहे. लोकांनी दान केलेलं सामान तिथे स्वस्तात मिळतं. दर गुरुवारी मी तिथे जाऊन बड्या कंपन्यांच्या नकली पर्सेस धुंडाळते. वाकडी शिवण, हलकी चेन, माझी नजर सहसा चुकत नाही. अस्सल पर्सला विमानाच्या तिकिटाएवढे पैसे मोजायला माझा हात धजत नाही, पण मिरवायची हौस मात्र दांडगी.

दिवाळीनंतर तिथे मला एक मरून पर्स मिळाली. आतल्या कप्प्यात लाल डाग होता. लिपस्टिक लागली असेल म्हणून घासघास घासला, पण जाईना. मैत्रिणींना मी बेधडक सांगितलं की अस्सल आहे, लग्नाच्या वाढदिवसाला नवऱ्याने घेतली. नवऱ्याला पर्समधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे तिकडून काही धोका नव्हता.

संक्रांतीला एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. पलीकडच्या गल्लीत मुलाकडे राहणाऱ्या काकूही आल्या होत्या. त्यांचे यजमान उन्हाळ्यात गेले. आमच्यात तसलं काही पाळत नाहीत, असं सांगून मैत्रिणीने त्यांना आग्रहाने आणलं होतं. तरी कुंकू पुढे केल्यावर त्यांनी मान मागे घेतली. मैत्रिणीने जबरदस्ती केली नाही.

मी काकूंच्या शेजारीच बसले होते. वाणाची वाटी ठेवायला पर्स उघडली, तशी त्यांनी ती हळूच स्वतःकडे ओढली आणि आतल्या डागावर बोट ठेवलं. देवळातल्या कुंकवाची पुडी फुटली होती, म्हणाल्या. ही पर्स यजमानांनी न्यूयॉर्कच्या फुटपाथवरून आणलेली. नकली आहे हे काकूंना पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण यजमान इतके खूश होते की नऊ वर्षं काकूंनी चकार शब्द काढला नाही. ते गेल्यावर मुलाने कपाट रिकामं करताना कपड्यांबरोबर हीसुद्धा दान करून टाकली. तेव्हापासून त्या दुकानं पालथी घालत होत्या.

समोरून मैत्रीण हसत म्हणाली, "काकू, ही तर नवीन आहे. हिच्या मिस्टरांनी दिली, ओरिजिनल."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. पर्स बंद करून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली.

"हो ग, माझीच काहीतरी गफलत झाली. माझीही अशीच होती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गप्प राहिले असते तर माझी अब्रू वाचली असती. कुणालाही कधी कळलं नसतं, आणि क्षणभर मला तेच हवं होतं, हेही लपवत नाही.

"काकू, ही तुमचीच आहे," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "मी चर्चच्या दुकानातून घेतली. नकली आहे हे मलाही माहीत होतं."

मी फोन, किल्ल्या, वाणाची वाटी बाहेर काढली आणि मैत्रिणीकडून एक प्लॅस्टिकची पिशवी मागून घेतली. काकूंनी पर्स खांद्याला अडकवली, पट्टा सारखा केला. मग टीपॉयवरचा कुंकवाचा करंडा उचलून माझ्या हातात दिला.

"लाव," त्या म्हणाल्या, आणि कपाळ पुढे केलं.